कडूपणाचा वारसा

उर्दू शिकवणाऱ्या मास्तरची परवान्यापासून सुटका नाही. वर्ग आठवीचा असो की दहावीचा, गझल आली की शमा येते आणि शमा आली की परवाना आलाच. मराठीत ‘परवाना’ म्हणजे सरकारी कागद. दुकानाचा, बंदुकीचा, गाडी चालवण्याचा. उर्दूत तोही अर्थ आहे; पण कवितेतला परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंग. फरीदुद्दीन अत्तार यांनी बाराव्या शतकात ‘मंतिकुत्तैर’ या फारसी काव्यात पतंगांची एक गोष्ट सांगितली आहे. शमेची खबर आणायला एकेक पतंग जातो. जे लांबून पाहून परत येतात त्यांना काहीच कळलेले नसते. जो ज्योतीत शिरतो त्यालाच सारे कळते, पण सांगायला तो परत येत नाही. पुढे शतकानुशतके फारसी आणि उर्दू कवितेत हा जीव जळण्यासाठीच जन्माला येत राहिला. त्याला रंग नाही. बचावाचे कसलेही साधन त्याच्याजवळ नाही. आणि आम्ही शिक्षक मुलांना सांगतो की हेच त्याचे मोठेपण.

एकदा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, परवान्याला अम्मी-अब्बा नसतात का? आगीजवळ जाऊ नको असं त्याला कोणीच कसं सांगितलं नाही?” वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जग धोक्याचे आहे हे आईबापांना ठाऊक असते. मग लेकरांच्या हाती त्यांनी काय द्यावे? निव्वळ प्रेम दिले तर लेकरू निःशस्त्र राहते. आपण भोगलेला कडूपणा दिला तर ते कदाचित वाचेल. पण मग ते कसले माणूस होईल? हा प्रश्न साऱ्याच घरांचा आहे. त्याचा विचार करताना मला परवान्याच्याच एका लांबच्या भावबंदाची फार मदत झाली. तो उर्दू कवितेतला नाही, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या माळरानावरचा आहे.

या पतंगाचे शास्त्रीय नाव युटेथैसा ऑर्नॅट्रिक्स. अमेरिकेच्या आग्नेय भागापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत तो आढळतो. पंख पसरले तर जेमतेम चार सेंटिमीटर भरतो. पुढचे पंख पिवळे-नारिंगी, त्यांवर पांढरे पट्टे आणि त्या पट्ट्यांत काळे ठिपके. मागचे पंख गुलाबी, त्यांना काळी किनार. लिनिअसने १७५८ साली याच पतंगाला दोन वेगळ्या जाती समजून दोन नावे दिली. एक ‘बेला’, म्हणजे सुंदर. दुसरे ‘ऑर्नॅट्रिक्स’, जुन्या रोममध्ये मालकिणीची केशभूषा आणि शृंगार करणाऱ्या दासीला हा शब्द होता. पुढे दोन्ही जाती एकच ठरल्या. पतंग म्हटले की रात्रीचा, मातकट, भिंतीला चिकटून बसलेला जीव आपल्या डोळ्यांपुढे येतो. हा मात्र भर दिवसा, उन्हात, सगळ्यांच्या देखत उडतो.

एवढासा जीव असा नटून दिवसाढवळ्या कसा फिरू शकतो? कॉर्नेल विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझ्नर यांनी या प्रश्नाचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला. त्या भागात सोनेरी रेशमाचे भलेमोठे जाळे विणणारा नेफिला नावाचा कोळी असतो. जाळ्यात इतर पतंग सापडला की तो धडपडतो, कोळी धावत येतो आणि चावा घेऊन त्याला गुंडाळतो. आपला रंगीत पतंग सापडला की तो धडपडत नाही. गप्प पडून राहतो. कोळी धावत येतो, त्याला चाचपतो, आणि मग जे करतो त्यावर पाहिल्याखेरीज विश्वास बसू नये. तो पतंगाभोवतीचे धागे एकेक करून तोडतो आणि त्याला मोकळा करतो. शिकाऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःचे जाळे फाडून शिकार सोडून द्यावी, असा हा प्रकार.

कारण पतंग कडू आहे. त्याच्या अंगात विष आहे, आणि ते त्याने स्वतः तयार केलेले नाही. ते येते त्याच्या सुरवंटाच्या खाण्यातून. हा सुरवंट क्रोटालेरिया वंशाच्या झाडांवर वाढतो. हे नाव आपल्याला परके वाटले तरी झाडे परकी नाहीत. दोरखंडासाठी आणि हिरवळीच्या खतासाठी आपला शेतकरी पेरतो तो ताग याच वंशातला. माळावर पिवळी फुले येणारा, वाळलेल्या शेंगेत बिया सुट्या होऊन वाजणारा खुळखुळाही याच वंशातला. फ्लोरिडात हा सुरवंट ज्या झाडांवर वाढतो त्यांतली क्रोटालेरिया स्पेक्टाबिलिस ही तर मूळ आपल्याकडचीच. जमिनीचा कस वाढवण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती अमेरिकेत पेरली गेली. पुढे गुरे, घोडी, कोंबड्या ती खाऊन मरू लागल्या तेव्हा तिच्यातले विष लोकांच्या ध्यानात आले. पतंगाने मात्र या पाहुणीला आपलेसे केले.

विषाचा सर्वांत मोठा साठा बियांत असतो. म्हणून सुरवंट शेंग पोखरून आत शिरतो. आत आधीच कोणी असेल तर तो नव्याला सहजासहजी येऊ देत नाही. बियांतले हे द्रव्य, ज्याला अल्कलॉइड म्हणतात, सुरवंटाच्या अंगात साठते. कोषातून पतंग बाहेर येतो तेव्हाही ते त्याच्यात असते. याचा पुरावा आयझ्नर यांनी साध्या प्रयोगाने मिळवला. काही सुरवंटांना क्रोटालेरियाच्या बियांऐवजी राजम्याच्या जातीच्या बियांचे खाद्य देऊन वाढवले. त्यांचे पतंग दिसायला तसेच झाले. तोच पिवळा, तोच गुलाबी, तेच ठिपके. कोळ्याने त्यांना खाऊन टाकले. म्हणजे नुसत्या रंगाने कोणी वाचत नाही. रंग ही पाटी आहे. पाटीमागे माल असावा लागतो.

इथवरचे एखाद्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभले असते. मला थांबवले ते पुढच्या भागाने. नर मादीला शुक्रजंतूंबरोबर एक पुडके देतो. त्याचे वजन नराच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के असते आणि त्यात पोषणाबरोबर हे अल्कलॉइडही असते. मादी त्यातले काही स्वतःच्या बचावासाठी वापरते. काही स्वतःजवळच्या साठ्यात मिसळून अंड्यांत भरते. आईचा वाटा मोठा, पण बापाचाही असतो. मुंग्या, ढालकिडे आणि लेसविंग या किड्याच्या अळ्या अंडी शोधत फिरतात. त्यातली एक अळी अंड्यांच्या पुंजक्याशी येते, एक-दोन अंडी चाखते आणि बाकीची तशीच सोडून निघून जाते. जन्माला येण्याआधीच लेकराला आईबापाचा कडूपणा मिळालेला असतो आणि त्यावरच ते जगते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे प्रेमाचा गंधही याच विषातून तयार होतो. संध्याकाळी मादी आपला गंध सोडून नराला दुरून बोलावते. नर जवळ आला की तो दोन कुंचल्यांसारखे अवयव बाहेर काढतो आणि त्यांवरचा गंध तिच्याजवळ दरवळतो. हा गंध त्याच अल्कलॉइडपासून बनतो. ज्याच्याजवळ विष जास्त, त्याचा गंध जास्त. म्हणजे मादी जणू विचारते, लेकरांसाठी तू काय आणले आहेस? आणि नर आपल्या सुगंधातून हिशेब देतो.

हे वाचल्यावर मनात पहिल्यांदा आली ती आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली एक म्हण. इतके गोड होऊ नये की लोक गिळून टाकतील, आणि इतके कडूही होऊ नये की थुंकून टाकतील. शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा या म्हणीचा पहिला अर्धाच कानावर पडतो. एक पालक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, इस को जरा तेज बनाओ. इतना सीधा रहेगा तो दुनिया निगल जाएगी.” त्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. रोज हातगाडी लावून, रोज कोणाचे तरी चार शब्द ऐकून जगणारा बाप आणखी काय मागणार? परवान्याच्या आईबापांनी जे केले नाही ते तो करू पाहत होता. त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

पण पतंग असे करतो म्हणून माणसानेही तसे करावे, असे म्हणता येईल का? नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझने ‘किताबुल हयवान’ लिहिताना क्षुद्र वाटणाऱ्या किड्याकडेही विचारपूर्वक पाहायला सांगितले. त्यात निर्मात्याच्या खुणा आहेत, अशी त्याची भूमिका होती. उलट अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने बजावले की ‘असे आहे’ यातून ‘असे असावे’ हे आपोआप निघत नाही. मला या दोघांत भांडण दिसत नाही. किड्याकडे पाहावे; पण त्याच्याकडून तयार उत्तर घेऊ नये, प्रश्न घ्यावा. या पतंगाकडे अधिक बारकाईने पाहिले की आपल्यात आणि त्याच्यात तीन ठिकाणी मोठा फरक दिसतो.

पहिला फरक असा. पतंगाचा कडूपणा कोणाविरुद्ध नाही. तो झाडाकडून आलेला आहे, कोळ्याकडून नाही. त्याच्या अंड्यात कोळ्याचे नाव लिहिलेले नसते. तो कोणाचा पाठलाग करत नाही, कोणाला डसत नाही. त्याला तोंडात घेणाऱ्यालाच तो कडू लागतो. शिवाय तो लपवत नाही. कडू असल्याचे अंगभर रंगवून सांगत फिरतो. आपला कडूपणा येतो तो माणसांकडून. त्याला नाव असते, आडनाव असते, गल्ली असते. तो लेकराच्या हाती देताना आपण नुसते विष देत नाही, पत्ता लिहून देतो. आणि बहुतेक वेळा तो रंगीत नसतो. बाहेर ‘या, बसा’ आणि आत विष, हीच आपली रीत.

माझ्या घरात याची दोन रूपे मी पाहिली. आमच्या दादांच्या तरुणपणी गावात दंगल झाली. दादा आणि त्यांचे सख्खे भाऊ, दोघांचे मिळून शिलाईचे दुकान होते, ते जळाले. दादा आम्हाला एवढेच सांगत की गडबडीच्या दिवसांत अमुक गल्लीने येऊ नका, मोठ्या रस्त्याने या. आणि त्याच दमात सांगत की एका शेजाऱ्याने त्या रात्री शिलाईयंत्र आपल्या घरात नेऊन ठेवले, म्हणून पुढे चूल पेटली. भावाच्या घरात मात्र जाळणाऱ्यांची नावे पाठ करून घेतली गेली. आज त्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा अशा माणसांची नावे सांगतो, जी त्याने कधी पाहिली नाहीत आणि ज्यांतली बरीच आता जिवंतही नाहीत. आग एकच होती. वारसे दोन झाले.

दुसरा फरक अधिक अस्वस्थ करणारा आहे, आणि इथे पतंग आपल्या फार जवळ येतो. ज्या सुरवंटांना प्रयोगशाळेत विष मिळू दिले नाही ते काय करतात? ते आपल्याच जातीची अंडी खातात, आपल्याच जातीचे कोष खातात. ज्या अंड्यांत, ज्या कोषांत विष आहे ते त्यांना अधिक हवेसे वाटतात. त्यांची भूक पोटाची नसते, विषाची असते. असुरक्षित जीव स्वतःच्या भावंडांना खाऊन सुरक्षित होऊ पाहतो. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. ज्या समाजाला सतत भीती वाटते त्या समाजात नेमके हेच घडताना आपण पाहत नाही का? बाहेरच्याशी लढता येत नाही तेव्हा घरातल्या मुलीच्या शिक्षणावर, प्रश्न विचारणाऱ्या तरुणावर, वेगळे लिहिणाऱ्या लेखकावर दात उगवले जातात. हे कोणा एका समाजाचे वैगुण्य नव्हे. घाबरलेल्या प्रत्येक समूहाची ही रीत आहे. म्हणून ‘मुलांना कडूपणा देऊच नका, फक्त गोड बोला’ असे सांगणाऱ्या भल्या माणसांशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. धोक्याचे भान दिलेच नाही तर मूल ते दुसरीकडून मिळवील, आणि ज्यांच्याकडून मिळवील ते त्याला आपल्याच माणसांना खायला शिकवतील.

तिसरा फरक शरीराचा आहे. एवढे विष अंगात बाळगून पतंग स्वतः कसा मरत नाही? कारण तो ते एका वेगळ्या रूपात साठवतो. रसायनशास्त्रात त्याला एन-ऑक्साइड म्हणतात. मूळ द्रव्य तेच, फक्त त्याला प्राणवायूचा एक अणू जोडलेला असतो. या रूपात ते बाळगणाऱ्याला बाधत नाही. माणसाचे शरीर असे करू शकत नाही. आपल्या यकृतात गेल्यावर हेच अल्कलॉइड अधिक घातक बनते आणि यकृतातल्या बारीक शिरा बंद करते. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील आणि आता छत्तीसगडमध्ये असलेल्या सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरड धान्यात क्रोटालेरियाच्या बिया मिसळल्या गेल्या. ते धान्य खाणाऱ्या गरिबांची पोटे पाण्याने फुगली आणि कित्येक माणसे दगावली. ज्या बीने पतंगाचे लेकरू वाचते त्याच बीने माणसाचे लेकरू मरते. उर्दूत यकृताला जिगर म्हणतात. साहसही जिगरीत, दुःखही जिगरीत. ज्याने स्वतः दंगल पाहिली, ज्याने उपासमार भोगली, त्याच्या जिगरीने ते कसे तरी पचवलेले असते. त्याच्याजवळ त्या रात्रीबरोबर त्या शेजाऱ्याची आठवणही असते. नातवाला नुसते विष मिळते. ते पचवायला लागणारा अनुभव त्याच्याजवळ नसतो.

ज्यांनी हे सारे शोधून काढले त्या आयझ्नर यांचे आयुष्यही इथे आठवते. त्यांचा जन्म १९२९ साली बर्लिनमध्ये, ज्यू बापाच्या घरी झाला. हिटलर सत्तेवर आला तेव्हा कुटुंब जर्मनी सोडून बार्सिलोनाला गेले. तिथे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. तिथून फ्रान्स, मग समुद्र ओलांडून उरुग्वे, आणि १९४७ साली अमेरिका. कडू होण्यासाठी एका लहान मुलाला याहून जास्त काय हवे? त्यांचे वडील रसायनतज्ज्ञ होते आणि घरी अत्तरे बनवायचा त्यांना नाद होता. मुलाला वास ओळखण्याची सवय तिथेच लागली. उरुग्वेत त्याला किड्यांचे वेड लागले. पुढे जेरॉल्ड माइनवाल्ड या रसायनशास्त्रज्ञ मित्राच्या साथीने त्यांनी किडे एकमेकांशी आणि शत्रूशी रसायनांच्या भाषेत कसे बोलतात हे उलगडले. २००३ साली त्यांनी आपल्या कामाविषयी पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘फॉर लव्ह ऑफ इन्सेक्ट्स’, किड्यांच्या प्रेमापोटी. २०११ साली ते गेले. देशोदेशी पळत असताना त्या बापाने मुलाच्या हाती नाक दिले, कुतूहल दिले. ज्या मुलाला जगाने हुसकावले होते त्याने विषातला सुगंध शोधून काढला.

तर लेकरांना काय द्यावे? खोटे गोड देऊ नये. जे घडले ते सांगावे, साल सांगावे, ठिकाण सांगावे, कारणे सांगावीत. पण रात्री दिवा मालवून कुजबुजत नव्हे. दिवसाढवळ्या, मुलाने उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल अशा रीतीने सांगावे. जाळणाऱ्याचे सांगावे तसे यंत्र वाचवणाऱ्याचेही सांगावे, कारण दोन्ही खरे आहे. अर्धे सत्य हेच खरे विष. पतंगाच्या अंड्याला वारसा नाकारता येत नाही. माणसाच्या लेकराला तो तपासता येतो, त्यातले काही ठेवता येते, काही टाकता येते. ही मुभा आपण त्याला द्यायला हवी. शाळा असते ती त्याचसाठी.

परवाना सुंदर आहे, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना जळायला सांगणार नाही. कोळ्याचा तिरस्कार करायलाही सांगणार नाही. जाळ्यात सापडलास तर घाबरून धडपडू नकोस, स्वतःजवळ काय आहे ते ओळख आणि ते उघडपणे अंगावर घेऊन दिवसा उड, एवढे सांगेन. बापाजवळ आणि आईजवळ जो कडूपणा आहे तो त्यांनी जरूर द्यावा. पण त्याला प्राणवायूचा तो एक अणू जोडून द्यावा. त्या पालकांना मी एवढेच म्हणालो, “भाई, तेज बनवूया. पण आधी त्याला पूर्ण गोष्ट सांगूया.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पूरी बात तो मुझे भी किसी ने नहीं बताई.”